मॉली रसेलची केस: घरच्यांना काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि वडिलांनी पुढे काय केलं

ही केस लंडनची आहे. २०१७ चा नोव्हेंबर, शहराच्या वायव्येकडचा हॅरो भाग, आई-बाबा आणि तीन मुली, त्यातली सगळ्यात धाकटी मॉली, वय १४. त्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवले, टीव्ही बघितला, मॉलीने होमवर्क केला, दुसऱ्या दिवशीची शाळेची बॅग भरून ठेवली आणि झोपायला गेली. २१ तारखेच्या सकाळी ती जिवंत नव्हती.

हे कसं झालं ते मी लिहिणार नाहीये, ते लिहूही नये, त्याने कोणाचंच भलं होत नाही. मला लिहायचंय ते त्या भरून ठेवलेल्या बॅगेबद्दल आणि त्यानंतर तिच्या वडिलांनी, इयान रसेल यांनी, जे केलं त्याबद्दल. ही केस जगभर गाजली ती सोशल मीडिया कंपन्यांमुळे, बातम्याही सगळ्या त्याच अंगाने आल्या, पण मी पालकांशी बोलण्याचं काम करते आणि मला ही केस आधी घराची वाटते. आपल्याकडे असं काही घडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आई-बापाचं लक्ष नव्हतं. रसेल कुटुंबाचं लक्ष होतं. एकत्र जेवण होतं, बोलणं होतं. आणि तरीही. त्यामुळे ही केस वाचताना "आमच्या घरात असलं काही होणार नाही" म्हणायला जागाच राहत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ती प्रत्येक पालकाने नीट वाचावी.

घरच्यांना काय दिसत होतं

इयान रसेल टीव्हीसाठी कार्यक्रम दिग्दर्शित करणारे गृहस्थ, म्हणजे माणसं बघणं, त्यांचं ऐकून घेणं हा ज्यांचा धंदा अशातले. मुलीबद्दल त्यांनी नंतर कोर्टात जे सांगितलं त्यात लपवाछपवी काही नाही. मॉली हसरी होती, इतरांची काळजी घेणारी होती, घोड्यावर बसायला आवडायचं, शिडाच्या बोटीत जायला आवडायचं, संगीतनाटकांचं वेड होतं, शाळेच्या कार्यक्रमात भूमिका मिळाली होती त्याची एक्साइटमेंट होती. शेवटच्या वर्षभरात मात्र ती थोडी आत-आत राहायला लागली होती, स्वतःच्या रूममध्ये जास्त वेळ एकटी असायची. पण बाहेर आली की घरच्यांत मिसळायची, हसायची, बोलायची. घरच्यांनी याचा अर्थ काय लावला? जो तुम्ही-मी लावू तोच, की वय आहे, हार्मोन्स आहेत, टीनएजर पोरं अशीच असतात.

बरं, वडिलांनी नुसतं बघून सोडलं असंही नाही. त्यांना काळजी वाटली तेव्हा ते तिच्याशी बोलले होते, आणि तिचं उत्तर साधारण असं होतं की काही नाही, हा एक फेज आहे, जाईल. १४ वर्षांच्या मुलीने इतक्या समंजसपणे सांगितल्यावर कोणता बाप पुढे खोदून विचारणार? मी तरी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण केस म्हणून बघायचं तर थांबायची जागा हीच आहे. "तू ठीक आहेस ना" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळतं, कारण प्रश्नातच ते उत्तर भरलेलं असतं. मुलं आपल्याला घाबरून खोटं बोलतात असं दरवेळी नसतं, बऱ्याचदा त्यांना आपल्याला त्रास द्यायचा नसतो. आई आधीच ऑफिस, घर, आजीचं आजारपण यात पिचलीये हे तिच्या मुलीला दिसत असतं, ती कशाला अजून एक टेन्शन देईल.

आणि ती भरलेली बॅग. आपल्या डोक्यात डिप्रेशनचं चित्र म्हणजे कोणीतरी अंधारात गुडघ्यात डोकं घालून बसलंय असं असतं. तसं असेल तर कोणालाही कळेल की. खरं म्हणजे किशोरवयात ते बऱ्याचदा उदासपणाऐवजी चिडचिडीच्या रूपात बाहेर येतं, आणि कित्येक मुलं शाळा, क्लास, होमवर्क, मित्रांचे वाढदिवस सगळं व्यवस्थित चालू ठेवून आतून पार कोसळलेली असतात. मार्क चांगले आहेत म्हणजे पोरगं ठीक आहे हे आपल्या घराघरातलं गणित आहे ना, ते या केसमध्ये सपशेल चुकतं.

फोनमध्ये काय होतं

मॉली गेल्यानंतर घरच्यांनी तिचे अकाउंट्स उघडून बघायला सुरुवात केली आणि तिथे त्यांना एक वेगळंच जग सापडलं, ज्याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. निराशेच्या पोस्ट्स, स्वतःला इजा करण्याचं उदात्तीकरण करणारी चित्रं, मरणाबद्दलची सुंदर अक्षरातली वाक्यं. पिंटरेस्टकडून, म्हणजे आवडलेली चित्रं जमवून ठेवायचं जे अॅप आहे त्याच्याकडून, तिला ईमेल यायच्या, तुला आवडतील असे डिप्रेशनचे पिन्स (म्हणजे चित्रं), अशा अर्थाच्या. ती गेल्यानंतरही तिच्या इनबॉक्समध्ये अशा ईमेल येत होत्या. ज्या वडिलांनी ते वाचलं असेल त्यांचं काय झालं असेल याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

पुढे कोर्टात आकडे आले. शेवटच्या सहा महिन्यांत मॉलीने इन्स्टाग्रामवर सेव्ह, लाईक किंवा शेअर केलेल्या पोस्ट्स साधारण १६,३००. त्यातल्या २,१०० डिप्रेशन, स्वतःला इजा किंवा आत्महत्या या विषयांच्या. बातम्यांमध्ये २,१०० चा आकडा मोठा करून छापला गेला, बरोबरच आहे, भयंकर आकडा आहे. पण पालक म्हणून मला दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. म्हणजे आठातल्या सात पोस्ट्स या विषयांच्या नव्हत्याच, एखाद्या पोरीच्या फोनमध्ये एरवी जे असतं तेच. तुम्ही जाता-येता तिच्या खांद्यावरून डोकावलात तर आठपैकी सात वेळा तुम्हाला काळजीसारखं काहीच दिसणार नाही आणि तुम्ही निर्धास्त होऊन किचनमध्ये जाल. "मी तिचा फोन अधूनमधून चेक करते" असं सांगणाऱ्या आया मला नेहमी भेटतात, त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण अशा चेकिंगने हे सापडत नाही.

अजून एक गोष्ट निघाली आणि माझ्या दृष्टीने पूर्ण केसमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मॉलीचं ट्विटरवर एक अकाउंट होतं ज्याची घरी कोणालाच माहिती नव्हती. त्यावरून ती सेलिब्रिटींना, लाखो फॉलोअर्स असलेल्या इन्फ्लुएन्सर्सना मेसेज करत होती, आपल्याला किती त्रास होतोय हे सांगत होती. उत्तर कुठून येणार, तिकडे दिवसाला हजारो मेसेज पडत असतात. वडील कोर्टात म्हणाले की ती पोकळीत हाका मारत होती. म्हणजे बघा, "मुलं बोलतच नाहीत" हे आपण जे गृहीत धरतो ते खरं नाहीये, मॉली बोलत होती, मदत मागत होती, फक्त खालच्या मजल्यावर बसलेल्या माणसांकडे मागत नव्हती.

पाच वर्षं

इंग्लंडमध्ये असा मृत्यू झाला की कॉरोनर नावाचा अधिकारी चौकशी करतो, त्याला इन्क्वेस्ट म्हणतात. गुन्हा कोणाचा हे ठरवणं त्याचं काम नसतं, मृत्यू कसा आणि कशामुळे झाला एवढं शोधायचं. साधारणपणे हे काही महिन्यांत उरकतं. मॉलीच्या बाबतीत जवळजवळ पाच वर्षं गेली कारण कंपन्यांकडून तिचा डेटा मिळवणं हीच एक लढाई झाली. स्वतःच्या मेलेल्या मुलीने काय बघितलं हे कळण्यासाठी आई-बापाला वकील लावून वर्षानुवर्षं झगडावं लागलं, यातला अन्याय वेगळा समजावून सांगायला नको.

सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर लंडनच्या कॉरोनर कोर्टात सुनावणी झाली, कॉरोनर होते अँड्र्यू वॉकर. तिने बघितलेले काही व्हिडिओ कोर्टात दाखवायचे होते तेव्हा त्यांनी आधी सगळ्यांना सावध केलं, ज्यांना सहन होणार नाही त्यांनी बाहेर गेलं तरी चालेल असं सांगितलं. लहान मुलांच्या मानसोपचाराचे तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांनी साक्ष दिली की ते साहित्य तपासल्यानंतर काही आठवडे त्यांना स्वतःला नीट झोप लागत नव्हती. आयुष्यभर हेच काम केलेला अनुभवी माणूस, त्याची ही अवस्था, आणि ते बघणारी मुलगी १४ वर्षांची, एकटी.

कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना अमेरिकेहून बोलावलं होतं. इन्स्टाग्राम ज्यांचं आहे त्या मेटा कंपनीच्या अधिकारी बाईंची बाजू अशी होती की बऱ्याच पोस्ट्स त्या वेळच्या नियमांत बसणाऱ्या होत्या आणि लोकांना आपलं दुःख मांडता आलं पाहिजे, काही पोस्ट्स नियमाबाहेरच्या होत्या त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. पिंटरेस्टच्या अधिकाऱ्यांनी मात्र तेव्हा आमचा प्लॅटफॉर्म सुरक्षित नव्हता हे सरळ मान्य केलं.

३० सप्टेंबर २०२२ ला निष्कर्ष आला. वॉकर यांनी नुसतं आत्महत्या असं लिहिणं योग्य ठरणार नाही असं म्हटलं. डिप्रेशन आणि ऑनलाइन साहित्याचे दुष्परिणाम यांनी ग्रासलेली असताना स्वतःला केलेल्या इजेमुळे मॉलीचा मृत्यू झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका मुलाच्या मृत्यूला सोशल मीडियावरचं साहित्य कारणीभूत ठरलं असं अधिकृत कागदावर आलं आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. कोणाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या अल्गोरिदममुळे तिच्यापुढे असल्या गोष्टींचा मारा होत राहिला, त्यातल्या काही तर तिने मागितल्याही नव्हत्या, हे त्यांनी नोंदवलं. आणि पुढे एक मुद्दा होता जो बातम्यांमध्ये मागे पडला. त्यातलं काही साहित्य असं होतं की जे मुलाला एकटं पाडतं, जी माणसं खरोखर मदत करू शकतील त्यांच्याशी बोलण्यापासून त्याला परावृत्त करतं.

हे परत एकदा वाचा. स्क्रीनच्या पलीकडून कोणीतरी रोज सांगतंय की तुझ्या घरच्यांना तुझं कळणार नाही, त्यांना सांगू नकोस. आणि स्क्रीनच्या अलीकडे आपण काय करतोय? "ही काय नाटकं लावलीयेत", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "तुला काय कमी केलंय आम्ही". म्हणजे त्या पोस्टने जे सांगितलं ते आपणच खरं करून दाखवतोय. मला या केसमधून पालकांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही, की पोराने तोंड उघडलं तर पहिल्या एका मिनिटात आपली जी रिअॅक्शन येते त्यावर पुढचं सगळं ठरतं.

वडिलांनी काय केलं

जानेवारी २०१९ मध्ये इयान रसेल बीबीसीवर आले आणि आपल्या मुलीच्या मृत्यूला इन्स्टाग्रामचा हातभार लागला याबद्दल मला शंका नाही असं स्पष्ट बोलले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने स्वतःला इजा केल्याच्या उघड चित्रांवर बंदी जाहीर केली. कुटुंब आणि मित्रमंडळींनी मॉली रोज फाउंडेशन उभं केलं, २५ वर्षांखालच्या मुलांचे असे मृत्यू टाळणं हा त्याचा हेतू. तेव्हापासून हा माणूस पालकांशी, शाळांशी, खासदारांशी बोलत फिरतोय. अशीच मुलं गमावलेल्या इतर कुटुंबांनाही त्यांनी सोबत घेतलं, त्यांचा एक गट झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी कायदा झाला त्यात या कुटुंबांचा मोठा वाटा आहे. मुलाचा मृत्यू झाला तर कॉरोनरला कंपन्यांकडची माहिती मिळवता यावी अशी तरतूदही त्या कायद्यात आली, म्हणजे पुढच्या आई-बापांना पाच वर्षं थांबायला लागू नये. मुलांच्या संरक्षणाचे नियम प्रत्यक्ष लागू झाले २५ जुलै २०२५ पासून.

योगायोग असा की त्याच तारखेला, २५ जुलै २०२५ ला, आपल्या सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली, आणि त्यामागेही एक बापच होता. त्यांची १७ वर्षांची मुलगी विशाखापट्टणमला राहून ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती, २०२३ मध्ये तिचा मृत्यू झाला, चौकशी नीट व्हावी म्हणून ते हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. कोर्टाने चौकशी सीबीआयकडे दिली आणि वर सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित काउन्सेलर हवा, मार्कांवरून बॅचेस पाडू नका, हेल्पलाइनचे नंबर ठळकपणे लावा, पालकांनाही याबद्दल जागरूक करा. तुमच्या मुलाच्या क्लासमध्ये यातलं काय झालंय हे जाऊन विचारा, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले असं एनसीआरबीची, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी विभागाची, नोंद सांगते आणि राज्यांमध्ये सगळ्यात वर आपला महाराष्ट्र होता, १,७६४.

इयान रसेल यांची अजून एक भूमिका आपल्याकडे बऱ्याच जणांना पटणार नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर सरसकट बंदी घाला अशी मागणी आता अनेक देशांत आहे, ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून ती केलीच, आणि मुलं गमावलेले काही पालकही ती मागणी करतात. ज्याला सगळ्यात जास्त राग यायला हवा तो हा माणूस मात्र सरसकट बंदीच्या विरोधात बोलतो. त्यांचं म्हणणं कंपन्यांना प्लॅटफॉर्म सुरक्षित करायला भाग पाडा, बंदीने मुलं दुसरीकडे, अजून अंधाऱ्या जागी जातील. मला हे पटतं, निदान घरापुरतं तरी शंभर टक्के. कारण आपल्याकडे मुलाच्या फोनमध्ये काही सापडलं की पहिलं काम फोन काढून घेणं. त्यातून पोराला मेसेज काय जातो, की सांगितलं किंवा सापडलं तर शिक्षा होते. पुढच्या वेळी ते जास्त नीट लपवेल एवढंच. रात्री झोपताना घरातले सगळेच फोन, हो आई-बाबांचेही, हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे हा नियम वेगळा, तो चांगलाच आहे, पण तो सगळ्यांना सारखा असतो म्हणून चालतो.

मग ओळखायचं कसं

मॉलीच्या केसवरून एक सरळ दिसतं की एखादंच लक्षण धरून बसण्यात अर्थ नाही. रूमचं दार लावून बसणं हे लाखो पोरं करतात. बघायचं ते हे, की आपल्या पोराचं जे नेहमीचं असतं त्यात बदल झालाय का आणि तो दोन-तीन आठवडे टिकलाय का. झोप उलटसुलट झालीये, जेवण कमी किंवा एकदम जास्त, ज्या क्रिकेटसाठी उन्हात मरायचा त्याची बॅट महिनाभर कोपऱ्यात पडलीये, जिवलग मैत्रिणीचं नावच निघत नाही, छोट्या गोष्टीवरून भांडी आपटली जातात, एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट अंगावरून उतरत नाही. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. "मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते", "मी सगळ्यांना ओझं झालेय" अशी वाक्यं, चेष्टेत म्हटलेली असली तरी. आणि खूप वाईट काळानंतर अचानक एकदम शांत होणं, ज्याला आपण सुटलो म्हणतो, तेव्हा उलट जास्त जवळ राहावं.

यातलं काही दिसलं तर पुढची पायरी म्हणजे विचारणं. नावानिशी विचारणं. इथे प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी हात वर करतं की मॅडम, असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू. नाही. यावर बरंच संशोधन झालंय आणि विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं की चला, कोणीतरी बोललं एकदाचं. जागाही लागते त्याला. समोरासमोर बसवून, आजी-आजोबा सोफ्यावर, टीव्ही चालू, असं विचारू नका. स्कूटरवर मागे बसलेली असताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर, म्हणजे नजरेला नजर द्यायला लागत नाही तिथे मुलं जास्त बोलतात. आणि शब्द साधे. "गेले काही दिवस बघतेय तुला, तू नेहमीसारखा नाहीयेस. मी ओरडणार नाहीये. कधी कधी इतका त्रास होतो का की जगूच नये, मरून जावं असं वाटतं?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. ती शांतता भयंकर असते, आपल्याला काहीतरी बोलून ती भरून टाकावीशी वाटते, भरू नका.

उत्तर "हो" आलं तर हातपाय गार पडतील, साहजिक आहे. रडू आलं तरी चालेल. पण "असं कसं बोलतोस, आमचा विचार केलास का" हे नको, कारण त्याने तुमचाच विचार केलाय, आपण तुम्हाला ओझं आहोत असं त्याला वाटतंय. "बरं झालं सांगितलंस, आता हे तुझ्या एकट्यावर नाही" इतकंच पुरतं. त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं, शेतावर फवारणीची औषधं असतील तर तीही, कुलपात जातात आणि किल्ली आपल्याजवळ. हे पाऊल लोकांना किरकोळ वाटतं पण ती टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच असते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच कित्येक जीव वाचलेत. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, "कोणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू" असं म्हणा. मामा, आत्या, शाळेतल्या एखाद्या बाई, ज्यांच्याशी त्याचं जमतं ते.

मग डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर लग्नाच्या वेळी प्रॉब्लेम येईल, लोक काय म्हणतील, हे मी अजूनही ऐकते, शिकलेल्या घरांतही. आणि ज्याने प्रयत्न केलाय त्याच्या घरच्यांना पोलिसांची भीती असते म्हणून ते दवाखान्यात खोटं कारण सांगतात, त्यामुळे शरीरावर उपचार होतात आणि मनावर होतच नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम ११५, स्पष्ट लिहिलंय की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. डॉक्टरांना खरं सांगा. ते तुमच्या मुलासोबत बसून एका कागदावर सेफ्टी प्लॅन लिहून घेऊ शकतात, वाईट विचार यायला लागल्याची त्याची स्वतःची खूण काय, तेव्हा तो आधी काय करून बघेल, मग कोणाला फोन करेल, सगळं त्याच्याच शब्दांत. तो कागद कपाटात ठेवण्याऐवजी त्याच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

डॉक्टर लगेच मिळणं शक्य नसेल, तालुक्याच्या गावी ते नसतातच बहुतेक, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, केंद्र सरकारचा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल तर पालकांनी स्वतः लावला तरी चालतो, "माझ्या मुलीशी कसं बोलू" एवढंच विचारायला. जीवाला आत्ता या क्षणी धोका आहे असं वाटलं तर ११२ किंवा थेट जवळचं हॉस्पिटल. हे वाचणारं कोणी स्वतःच त्या वयाचं असेल, तर तुलाही हाच नंबर आहे, १४४१६, नाव सांगायची सक्ती नाही. आणि घरात एका माणसाला तरी सांग, पहिल्या वेळी त्यांनी नीट ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग.